जुन्या संगणकावरची कालबाह्य पॅकेजं सुरक्षितपणे कशी काढावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं चालत आलेल्या, एकावर एक अपग्रेड झालेल्या संगणकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पॅकेज म्हणजे एकत्र बांधून दिलेला प्रोग्राम किंवा त्याला लागणारा भाग. भर मुख्यतः डेबियन आणि उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर आहे, कारण एकच मशीन तीन-चार आवृत्त्यांतून पुढे नेण्याची सवय तिथे जास्त दिसते. सेंटओएस (हेही लिनक्सच) आणि विंडोजचे प्रश्नही वेगळे घेतले आहेत. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन नीट चाललंय. मग जुनी पॅकेजं काढायचीच कशाला?

पहिलं कारण सुरक्षेचं. ज्या पॅकेजला आता कुणी दुरुस्त्या पुरवत नाही, त्यात उद्या सापडलेलं भोक कायमचं उघडं राहतं. जुनी एफटीपी सेवा किंवा जुना वेबसर्व्हर पोर्ट उघडून बसला असेल, तर तो सर्वांत आधी काढावा. दुसरं कारण अपग्रेडचं. नव्या आवृत्तीवर जाताना पॅकेजं बसवणारं आणि काढणारं साधन म्हणजे अ‍ॅप्ट अडतं, ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या मागे राहिलेल्या लायब्ररीपाशी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सामाईक कोडपाशी).

वेग वाढेल या आशेने मात्र हे काम हाती घेऊ नका. डिस्कवर पडून राहिलेली लायब्ररी ना प्रोसेसर वापरते ना मेमरी. सुरुवातीलाच चालू होणारे प्रोग्राम आणि मागे चालणाऱ्या सेवा मशीन संथ करतात, आणि त्या बंद करायला पॅकेज काढावंच लागतं असं नाही.

कोणती पॅकेजं कालबाह्य झाली आहेत, हे कळतं कसं?

अ‍ॅप्ट २.० किंवा त्यापुढचं असेल (उबुंटू २०.०४, डेबियन ११ आणि नंतरच्या आवृत्त्या), तर ‘अ‍ॅप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ हा पॅटर्न अवतरणचिन्हांत द्यायचा. त्याहून जुन्या मशीनवर तसंच काम करणारं अ‍ॅप्टिट्यूड वापरा. तिथे ‘सर्च’ला टिल्ड (~) आणि ओ दिलं की तीच यादी मिळते. डेबियनवर ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ हे छोटं पॅकेजही बसवून घ्या. कोणत्या पॅकेजचा सुरक्षा-आधार संपला किंवा मर्यादित झाला, ते त्यातली ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ ही कमांड सांगते.

ही यादी बनते कशी, हे माहीत असणं सर्वांत महत्त्वाचं. पॅकेज मशीनवर आहे, पण नोंदवलेल्या कुठल्याही रिपॉझिटरीत (पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरवरच्या साठ्यात) ते आता मिळत नाही, एवढाच तिचा अर्थ. पॅकेज वापरात आहे की नाही, याचा त्यात विचारच नसतो. म्हणूनच कंपनीच्या साइटवरून हाताने उतरवून बसवलेला प्रिंटरचा ड्रायव्हर यात दिसतो. उबुंटू अपग्रेडच्या वेळी बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करून ठेवतं. त्या पुन्हा चालू केल्या नाहीत, तर तिथून आलेलं सगळं इथे उतरतं. आणि ज्या आवृत्तीचा मुक्काम अर्काइव्हमध्ये हलला आहे, तिचा जुना पत्ता तसाच ठेवून पॅकेज याद्या पुसल्या गेल्या, तर जवळपास अख्खी सिस्टिमच कालबाह्य दिसू लागते. यादी अचानक शेकड्यांत गेली की आधी ‘अ‍ॅप्ट अपडेट’चे संदेश वाचा. दोष बहुधा पत्त्यात असतो.

मग यादीत आलेलं सगळं एकदम काढलं तर चालेल का?

नाही. यादी ही चौकशीची सुरुवात समजावी. प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारा: हे कोण वापरतं, आणि काढल्यावर गरज पडली तर परत कुठून आणणार? दोन्हींची उत्तरं हातात असतील तरच पुढे जा.

पहिल्या प्रश्नासाठी ‘अ‍ॅप्ट-कॅश आरडिपेंड्स’ला ‘इन्स्टॉल्ड’ हा पर्याय जोडून द्या, म्हणजे बसवलेल्यांपैकी कोणती पॅकेजं त्यावर विसंबून आहेत ते दिसेल. ‘अ‍ॅप्टिट्यूड व्हाय’ त्याहून बोलकं आहे. कुणामुळे कोण आलं, ती पूर्ण साखळी ते दाखवतं. शेवटी ‘अ‍ॅप्ट-गेट रिमूव्ह’ ‘सिम्युलेट’ पर्यायासह चालवा. यात प्रत्यक्षात काहीच निघत नाही, पण काय काय निघालं असतं ते समोर येतं. एक लायब्ररी सांगितली आणि यादीत चाळीस नावं आली, तर तिथेच थांबायचं.

ऑटोरिमूव्ह तर सुरक्षित असतं ना?

बहुतेक वेळा असतं, पण डोळे मिटून नाही. कालबाह्य आणि निराधार पॅकेजं वेगळी. ऑटोरिमूव्ह फक्त निराधार पाहतं, म्हणजे दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली. ती रिपॉझिटरीत ताजी, धडधाकट मिळतही असतील.

नेहमी घडणारा प्रकार असा. डेस्कटॉपबरोबर आलेला एखादा नको असलेला खेळ किंवा मेल प्रोग्राम कुणी काढतं. तो प्रोग्राम ज्या मेटापॅकेजचा (इतर पॅकेजांची नुसती यादी असलेल्या पॅकेजचा) आवश्यक भाग असतो, ते मेटापॅकेजही त्याच्याबरोबर जातं. मेटापॅकेज स्वतः रिकामं असतं, त्यामुळे पडद्यावर काहीच बदल दिसत नाही. पण डेस्कटॉपचे बाकीचे भाग त्याच्याच नावावर आलेले असतात. पुढच्या ऑटोरिमूव्हला ते सगळे निराधार वाटतात: फाइल मॅनेजर, लॉगिन स्क्रीन, कधीकधी नेटवर्क मॅनेजरसुद्धा.

उपाय सोपा आहे. जे हवंच आहे त्यावर ‘अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल’ने खूण करून ठेवा, म्हणजे ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. ‘अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल’ने अशा पॅकेजांची यादी कधीही पाहता येते.

‘येस, डू अ‍ॅज आय से!’ असं पूर्ण वाक्य अ‍ॅप्ट टाइप करायला सांगतंय. करू का?

नको. सिस्टिमच्या मुळाशी असलेलं काहीतरी निघणार असेल, तेव्हाच जुनं अ‍ॅप्ट हे वाक्य मागतं. २०२१ च्या नोव्हेंबरात एका गाजलेल्या यूट्यूब चॅनेलवर पॉप ओएस या लिनक्समध्ये स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवताना हे वाक्य टाइप केलं गेलं आणि अख्खा डेस्कटॉप नाहीसा झाला. मूळ दोष त्या वेळच्या पॅकेजातला होता, पण धोक्याची सूचना पडद्यावर होती. त्यानंतर अ‍ॅप्टने ही वाट बरीच अवघड केली. जुन्या मशीनवर मात्र जुनंच अ‍ॅप्ट असतं, हे ध्यानात असू द्या.

सुरुवात करण्याआधी काय काय जपून ठेवावं?

पूर्ण डिस्कची प्रत निघत असेल तर तीच काढा. आभासी मशीन असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. डिस्कची मांडणी बीटीआरएफएस किंवा एलव्हीएम पद्धतीची असेल तर त्यांची स्नॅपशॉटची सोय आहेच. टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत ठेवणारं साधन वापरत असाल तर ते मुळात घरची, म्हणजे ‘होम’मधली कागदपत्रं घेत नाही. त्यांची वेगळी प्रत हवी.

हे काहीच जमत नसेल तर निदान तीन गोष्टी दुसऱ्या डिस्कवर ठेवा: ‘ईटीसी’ ही सेटिंगची पूर्ण डिरेक्टरी, ‘डीपीकेजी’च्या (अ‍ॅप्ट ज्याच्यामार्फत पॅकेजं बसवतं त्या साधनाच्या) ‘गेट-सिलेक्शन्स’ची यादी आणि ‘शोमॅन्युअल’ची यादी. मशीन पुन्हा उभं करायची वेळ आली, तर या तिन्हींनी अर्धं काम हलकं होतं.

काढलेलं पॅकेज पुन्हा लागलं तर मिळेल का?

जुन्या सिस्टिमचा खरा पेच इथेच आहे. चालू आवृत्तीवर चुकून काही काढलं तर पुन्हा बसवता येतं. आधार संपलेल्या आवृत्तीची पॅकेजं नेहमीच्या सर्व्हरवरून हलवलेली असतात. डेबियनची जुनी पॅकेजं अर्काइव्ह सर्व्हरवर, उबुंटूची ‘ओल्ड-रिलीजेस’वर, सेंटओएसची व्हॉल्टमध्ये सापडतात. पण बाहेरच्या रिपॉझिटरीतलं किंवा एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचं पॅकेज कुठेच नसण्याची शक्यता मोठी.

अशा पॅकेजासाठी ‘डीपीकेजी-रिपॅक’ हे साधन आहे. बसवलेल्या फाइलींपासून ते पुन्हा डेब फाइल (बसवता येणारी पॅकेजची फाइल) बनवतं, तेही तुम्ही बदललेल्या सेटिंगसह. ही फाइल बाजूला ठेवली की काढताना हात कापत नाही. ‘अ‍ॅप्ट क्लीन’ही लगेच चालवू नका. अ‍ॅप्टच्या कॅशमध्ये एखाद्या दुर्मिळ पॅकेजाची मूळ डेब फाइल पडलेली असू शकते, आणि ‘क्लीन’ने सर्वांत आधी तीच जाते.

रिमूव्ह करावं की पर्ज?

आधी रिमूव्ह. त्यात प्रोग्राम जातो, पण सिस्टिमभरच्या सेटिंगच्या फाइली राहतात. पर्ज त्याही पुसतं. घरच्या डिरेक्टरीतली तुमची वैयक्तिक सेटिंग दोन्हींत शाबूत राहतात. रिमूव्ह केलेली पॅकेजं ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘आरसी’ खुणेने दिसतात. काही आठवडे, निदान एक महिनाअखेर सुरळीत पार पडू द्या, कारण महिन्यातून एकदाच चालणारी कामं तेव्हाच अडखळतात. मग पर्ज करा. ‘आरसी’ नोंदींनी जागा फारशी अडत नाही, तेव्हा घाई नाही.

अपग्रेडनंतर यादीत पोस्टग्रेस या डेटाबेसची जुनी आवृत्ती दिसतेय. नवी तर आली आहे, मग जुनी काढू का?

थांबा. डेटा गमावण्याची सर्वांत मोठी भीती इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

डेबियन ११ मध्ये पोस्टग्रेस १३ होतं, डेबियन १२ मध्ये १५ आहे. अपग्रेड झाल्यावर १५ बसतं, पण तुमचा डेटा आपोआप त्यात जात नाही. तो १३ च्याच क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचात) राहतो, तुमचे प्रोग्राम त्याच्याशीच बोलत राहतात आणि १३ चं पॅकेज आता कालबाह्य यादीत चढलेलं असतं. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही कमांड चालवून पाहा. दोन ओळी दिसतील: एक १३ ची, बहुधा ५४३२ पोर्टवर, दुसरी १५ ची, ५४३३ पोर्टवर. दुसरी रिकामी असते. पॅकेजने ती स्वतःहून तयार केलेली असते.

आधी ‘पीजी_डम्पऑल’ने सगळ्या डेटाबेसची प्रत घ्या आणि ती दुसऱ्या मशीनवर न्या. मग ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर’ने ते १५ चं रिकामं क्लस्टर काढा. या कमांडमध्ये आवृत्तीचा आकडा दोनदा वाचा. तिथे १३ टाइप झालं तर डेटाच जाईल. त्यानंतर ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १३ मेन’. ते डेटा १५ मध्ये नेतं, नव्या क्लस्टरला जुना पोर्ट देतं आणि जुनं क्लस्टर बंद करून तसंच ठेवतं. आता प्रोग्राम चालवून पाहा, नोंदी मोजा, अहवाल काढा. सगळं जुळलं की मगच १३ चं क्लस्टर आणि शेवटी पॅकेज.

पर्ज करताना डेटाच्या डिरेक्टरीही काढू का, असा प्रश्न पडद्यावर येतो. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलही असंच विचारतात. एंटर दाबत पुढे जाण्याची सवय असेल तर ती या एका जागी मोडा.

बूट पार्टिशन भरलंय. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) हाताने पुसू का?

फाइली थेट पुसू नका. पॅकेज मॅनेजरच्या लेखी तो कर्नल तिथेच असतो आणि पुढच्या अपडेटला गोंधळ उडतो. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते पाहा. तो, सर्वांत नवा आणि चांगला चाललेला आणखी एक जुना, एवढे ठेवून बाकीची ‘लिनक्स-इमेज’ पॅकेजं काढा. जागाच उरली नसल्यामुळे अ‍ॅप्ट अडकलं असेल, तर सर्वांत जुना एक कर्नल थेट ‘डीपीकेजी’ने काढा. तेवढ्याने बहुधा श्वास मोकळा होतो.

पायथन २ काढू शकतो का?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २ आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. डेबियन १२ मध्ये ते नाहीच, त्यामुळे ११ वरून आलेल्या मशीनवर ते बसवलेलं असेल तर यादीत दिसतं. काढण्याआधी स्वतःच्या स्क्रिप्ट शोधा. क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेच्या) डिरेक्टरी, ‘यूएसआर-लोकल’ आणि घरच्या ‘बिन’मधल्या फाइलींची पहिली ओळ ग्रेप या शोधाच्या कमांडने तपासा. नुसतं ‘पायथन’ किंवा ‘पायथन२’ लिहिलेलं सापडलं तर आधी त्या स्क्रिप्टचं काय करायचं ते ठरवा. रात्री चालणाऱ्या बॅकअपची स्क्रिप्ट अशी बंद पडली, तर ते कळतं बॅकअप लागेल त्या दिवशी.

सेंटओएस ७ वर मात्र पायथन २ ला हात लावायचा नाही. तिथलं यम हे पॅकेज मॅनेजर त्यावरच चालतं. पायथन गेलं की पॅकेज परत बसवण्याचं साधनही गेलं. उबुंटूवर पायथन ३ लाही हात लावू नका, सिस्टिमची बरीच साधनं त्यावर चालतात.

पॅकेज मॅनेजर म्हणतो कुणालाच नको, तरी काढल्यावर एक प्रोग्राम बंद पडला. असं का?

तो प्रोग्राम पॅकेज मॅनेजरने बसवलेलाच नसणार. स्वतः कंपाइल केलेलं किंवा ‘ऑप्ट’मध्ये उघडून ठेवलेलं सॉफ्टवेअर कोणत्या लायब्ररीवर चालतं, याची अ‍ॅप्टला कल्पना नसते. म्हणून लायब्ररी काढण्याआधी अशा प्रोग्रामवर ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) चालवून त्यात तिचं नाव येतं का ते पाहा. काढल्यानंतर त्याच कमांडमध्ये ‘नॉट फाउंड’ दिसलं, तर दोषी सापडला. दोन सावधगिऱ्या: चालता चालता उघडल्या जाणाऱ्या प्लगइन लायब्ररी ‘एलडीडी’ला दिसत नाहीत, आणि भरवशाच्या नसलेल्या फाइलवर ही कमांड चालवू नये.

३२ बिटी लायब्ररींचंही असंच. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) आणि काही जुने प्रिंटर ड्रायव्हर त्यांच्यावर चालतात. त्या नको असतील तर आधी ‘आय३८६’ची सगळी पॅकेजं काढा, त्यानंतरच ‘रिमूव्ह-आर्किटेक्चर’.

पॅकेज निघतच नाही, एरर येते. जबरदस्ती करू का?

आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ हे दोन उपाय करून पाहा. तरीही अडत असेल तर एरर नीट वाचा. पुष्कळदा पॅकेजची काढतानाची स्क्रिप्टच अपयशी ठरलेली असते. उदाहरणार्थ, ती एखादी सेवा थांबवायला जाते आणि ती सेवा मशीनवर उरलेलीच नसते. ही स्क्रिप्ट डीपीकेजीच्या ‘इन्फो’ डिरेक्टरीत पॅकेजच्या नावाने, ‘प्रीआरएम’ किंवा ‘पोस्टआरएम’ शेपटीसह असते. ती उघडून वाचा, प्रत ठेवा, अडणारी ओळ बंद करा आणि पुन्हा काढा. आरपीएमचं (सेंटओएसवर डीपीकेजीच्या जागी असलेल्या साधनाचं) ‘नोडेप्स’ किंवा डीपीकेजीचं ‘फोर्स’ वापरून काम होतं खरं, पण तुटलेली साखळी तशीच मागे राहते.

सेंटओएस ७ वर काय वेगळं?

त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, त्यामुळे आधी रिपॉझिटरीचे पत्ते व्हॉल्टकडे वळवा. यम-युटिल्समधलं ‘पॅकेज-क्लीनअप’ उपयोगी आहे: ‘लीव्ह्ज’ने निराधार लायब्ररी, ‘ऑर्फन्स’ने रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजं, ‘ओल्डकर्नल्स’ने जुने कर्नल. यमची मोठी सोय म्हणजे ‘यम हिस्टरी अनडू’. झालेला व्यवहार ते उलटा फिरवतं. मात्र काढलेलं पॅकेज कुठून तरी मिळत असेल, तरच.

विंडोजवर काय काढावं, काय ठेवावं?

फ्लॅश प्लेयर (आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला), सिल्व्हरलाइट (ऑक्टोबर २०२१) आणि विंडोजसाठीचं क्विकटाइम बेधडक काढा. जुनं जावा काढण्याआधी कुठला प्रोग्राम ते मागतो का, ते बघा.

यादीत ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ची २००५, २००८, २०१०, २०१३ अशी रांग दिसते आणि अनेकांना जुनी आवृत्ती म्हणजे कचरा वाटतो. तसं नाही. २०१० वर बनलेल्या प्रोग्रामला २०१० चंच लागतं, २०१३ चं चालत नाही. २०१५ आणि त्यापुढच्यांचंच एक सामाईक पॅकेज आहे. ६४ बिटी मशीनवर ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ दोन्ही असणं हेही बरोबरच. ही रांग आहे तशी राहू द्या.

विंडोज डिरेक्टरीतला ‘इन्स्टॉलर’ फोल्डर पुसू नका. नाहीतर पुढे तेच प्रोग्राम दुरुस्तही होत नाहीत आणि निघतही नाहीत. ‘विनएसएक्सएस’ मोठा दिसला तरी हाताने रिकामा करायचा नाही, त्यासाठी ‘डिझम’चं ‘स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप’ आहे. रजिस्ट्री साफ करणारी साधनं वापरूच नयेत. मिळणारा फायदा नगण्य आणि बिघाड मोठा. जुना अँटिव्हायरस काढताना मात्र त्याच कंपनीचं काढण्याचं साधन वापरा, नुसत्या अनइन्स्टॉलने त्याचे ड्रायव्हर मागे राहू शकतात.

जुन्या हिशोबाच्या किंवा नोंदवह्यांच्या प्रोग्रामचा डेटा कुठे आहे हे सापडल्याशिवाय तो काढू नका. अनेक जुने प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहायला जातात. व्हिस्टापासून विंडोज असं लिखाण वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवतं. डेटा तिथे असतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. परवाना त्या मशीनशी बांधलेला असेल, तर आधी प्रोग्राममधूनच तो सोडवून घ्या.

सर्व्हर दूर आहे, एसएसएचवरूनच काम करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

टीमक्स किंवा स्क्रीन या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या आत काम करा, म्हणजे जोडणी तुटली तरी व्यवहार अर्धवट राहत नाही. निघणाऱ्यांच्या यादीत नेटवर्क, एसएसएच, फायरवॉल किंवा बूटलोडरशी संबंधित नाव दिसलं, तर कन्सोलची सोय हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका वेळी थोडी पॅकेजं काढा. काम झाल्यावर पहिली जोडणी चालू ठेवूनच दुसरीकडून लॉगिन होतंय का पाहा.

काढून झाल्यावर काय तपासायचं?

‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’मध्ये नवं काही आलं का, ‘एसएस’ कमांडमध्ये नको असलेले पोर्ट बंद झाले का, आणि नेहमीची कामं चालतात का: छपाई, मेल, बॅकअप. मग सोयीची वेळ पाहून मशीन रीस्टार्ट करा, लांबणीवर टाकू नका. चालू प्रोग्रामने उघडलेली लायब्ररी डिस्कवरून गेली तरी मेमरीत जिवंत असते, त्यामुळे बिघाड रीस्टार्टपर्यंत लपून राहतो. तो आज, काय काढलं ते आठवत असताना समोर आलेला बरा. नंतर संदर्भ लागलाच तर अ‍ॅप्टच्या ‘हिस्टरी’ लॉगमध्ये कोणत्या तारखेला कोणत्या कमांडने काय निघालं याची नोंद असते.

एखादं पॅकेज काढायची हिंमत होत नाही, पण चालूही ठेवायचं नाही. मधला मार्ग आहे का?

आहे. सेवा असेल तर ‘सिस्टिमसीटीएल’ने आधी ‘स्टॉप’, मग ‘मास्क’ करा. मास्क केलेली सेवा दुसऱ्या कुणालाही सुरू करता येत नाही, आणि ‘अनमास्क’ने ती क्षणात परत येते. नुसता कमांडने चालणारा प्रोग्राम असेल, तर त्याच्या फाइलीची चालवण्याची परवानगी ‘डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड’ने काढून घेता येते. कुणाची तक्रार आली तर वापर कुठे होता ते कळलं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत कुणीच विचारलं नाही, तर ‘डीपीकेजी-रिपॅक’ने प्रत काढून रिमूव्ह करा.